लूसेकॉफ्ते

"लूस म्हणजे ऊ," गीरो म्हणते, सुया न थांबवता.
"कॉफ्ते म्हणजे अंगरखा.
उवांचा अंगरखा. झालं."

दुकानदार अवघडतो.
काळ्या लोकरीवर पांढरे ठिपके,
त्याला पाटीवर 'हिमकण' हवंय;
पुढच्या आठवड्यात पर्यटक येतील सेटेस्दालला.

हिमकण!
तिचा बाप ताराल्द, लाकूडतोड्यांच्या खोपटात
हिवाळाभर एकाच सदऱ्यात निजायचा.
बर्फ वितळल्यावर परतला की
आई त्याला उंबऱ्याबाहेरच उभा करी,
सदरा दिव्याशी धरून वाची, ओळ न ओळ.
मग नवा विणायला घेई:
तीन टाके काळे, एक पांढरा.
पांढऱ्याला पुटपुटे, "ही मेली."
तीन काळे.
"हीसुद्धा."

साबण आला, उवा गेल्या,
ताराल्दही गेला.
शब्दाला तेवढी अजून खाज सुटते.

"आणि खालचा हा पट्टा?" दुकानदार विचारतो.
"बिनरंगाचा, नुसताच पांढरा?"
"तो विजारीत खोचायचा.
जे दिसायचं नाही त्यावर
रंग कशाला नासायचा?"

तो पाटीचा कागद घडी करून खिशात ठेवतो.
गीरो धागा दातांनी तोडते,
आणि नकळत
डोकं खाजवते.