मिश्र माध्यम

बेडसे सर म्हणाले होते, एकच चित्र निवड
आणि त्याच्यासमोर एक तास बस.
कंटाळा आला तरी उठू नकोस.
सरांच्या सांगण्याला नेहमी उपवासाचा वास येतो.

चोपड्याहून सातची एसटी.
तापीच्या पुलावरून दिसली एक म्हैस
आणि पाण्यात उलटी तीच,
दोघीही सारख्याच ठाम.
वही काढेपर्यंत पूल संपला.

जळगावात, मालधक्क्याच्या मागे,
बंद पडलेल्या जिनिंगची आता गॅलरी झाली आहे.
भिंती इतक्या पांढऱ्या की चपला काढाव्यात असं वाटलं.
काढल्याही.
मग आत सगळ्यांच्या पायात बूट दिसले
आणि मी परत जाऊन घालून आले.

पहिल्या दालनात लोखंडी पलंग, उभा केलेला.
दुसऱ्यात टीव्ही. त्यात एक बाई फळ्यावर स्वतःचं नाव लिहिते
आणि पदराने पुसते,
लिहिते आणि पुसते.
तिसऱ्यात ते.

सात फूट बाय पाच. पांढऱ्यावर पांढरं.
डावीकडे, खालच्या अंगाला, अंगठ्याएवढा
कापसाचा पुंजका.
पाटीवर: शीर्षक नाही. मिश्र माध्यम.
कॅनव्हास, चुना, कापूस. किंमत विचारावी.

मी विचारली नाही. बसले.
पहिली दहा मिनिटं मी चित्र बघत नव्हते,
मी चित्र बघते आहे असं दिसतंय का, ते बघत होते.
मग हळूहळू पांढरे एकमेकांपासून सुटू लागले.
एक ताकाचा.
एक, गणवेशाला नीळ जास्त झाली की येतो तो.
एक दादरच्या भाकरीच्या पाठीला राहिलेल्या पिठाचा.
नजर फिरून फिरून पुंजक्यापाशी.
वहीत लिहिलं, एकाकीपणा. खोडलं.
लिहिलं, इतिहास. तेही खोडलं.

मागे स्टूल सरकलं.
तोताराम आप्पा, रखवालदार.
याच छपराखाली बावीस वर्षं गाठी बांधल्या त्यांनी.
"हाई काय शे, व माय?
सहा महिना व्हयनात, रोज देखस,
माले काही समजस नही."
मी म्हटलं, मलाही नाही.
त्यांचा चेहरा असा उजळला
की मी बक्षीसच मिळवलंय.

इकडेतिकडे पाहून मग सांगून टाकलं.
वरच्या कैच्यांत अजून जुना कापूस अडकलाय,
पंखे लागले की एकेक पुंजका उतरतो,
तो झाडायचा, हे त्यांचं काम.
पहिल्याच आठवड्यात चित्रावरचाही झाडला.
कळलं ते संध्याकाळी. रात्रभर झोप नाही.
पहाटे शिडी लावून
लांब धाग्याचा, चांगला बघून काढला
आणि जिभेवर बोट टेकवून
चुन्याच्या त्याच ओल्या खुणेवर दाबला.
"चित्रवाली बाई ईसन गयी. भलता येळ उभी व्हती.
काहीच बोलनी नही."
आणि जरा थांबून,
"हाऊ त्यास्ना कापूसपेक्षा चांगला शे.
कोणले सांगू नको."

मी परत चित्राकडे वळले.
ते हललं नव्हतं.
मलाच कळेना, आता कुठून सुरुवात करायची.

तेव्हा वरून एक सुटला.
झरोक्यातल्या उन्हात आला, थांबला,
पंख्याच्या वाऱ्याने पलंगाकडे गेला,
टीव्हीतल्या बाईला वळसा घालून परत.
आप्पांचं तोंड वर, माझं वर,
कॅमेरा लटकवलेल्या त्या मुलाचंही वर,
आणि इतका वेळ लागला त्याला खाली यायला
की त्या वेळात कुणीही काही समजून घेत नव्हतं.
माझ्या खांद्यावर बसला.
आप्पांनी सवयीने हात पुढे केला, मध्येच मागे घेतला.
"ऱ्हाऊ दे. शोभस."

एसटीत मी खिडकी उघडली नाही.
घरी दारातच वंदीने, माझ्या बहिणीने,
"काय लागलंय गं," म्हणत टिचकी मारली
आणि गॅसवर दूध होतं म्हणून पळाली.

सरांनी सोमवारी वही मागितली.
म्हटलं, अजून एक तास लागेल.