डावा कान

एप्रिल संपता संपता माझा डावा इअरबड
मार्केट यार्डात हळदीच्या ढिगात पडला.
सौदा चालू होता. मी वहीत भाव उतरवत होते,
उजव्या कानात आई:
मिरजेच्या लग्नाला काठपदर नेसशील ना?
मी मान डोलावली,
आणि डावा गेला.

राजापुरी हळद. चाळीस पोती.
मगदूमशेठ म्हणाले, आता जाईल तो किलोच्या भावात.
हमाल हसले. मीही हसले,
हप्ते अजून चार बाकी होते तरी.

डबीत दोन खाचा. एक रिकामी,
दाढ काढल्यावर जीभ जाते
तसं माझं बोट सारखं तिथे जायचं.
फोनला विचारलं, कुठे आहे?
शेवटचं ठिकाण, म्हणाला, मार्केट यार्ड, सांगली.
मी पण तिथेच की रे,
नऊ ते सात.

मे एका कानाने काढला.

पट्ट्या, ई-वे बिलं, वखारीचं भाडं,
तासगावच्या माणसाची जुनी उधारी.
दुपारी अडीचला फोन स्वतःहून बंद:
तापलोय, थंड होऊ द्या.
त्याला कूलरपुढे ठेवला.
मला असं लिहून दाखवायची सोय नाही,
मी कूलरच्या मागे बसून बेरीज केली.

मनगटावर भावाने पुण्याहून पाठवलेलं घड्याळ.
फार वेळ बसलात, उठा, म्हणतं.
आहेराच्या रांगेत तासभर उभी होते
तेव्हा मात्र गप्प.
अक्षता टाकल्या त्याची बेचाळीस पावलं धरली त्याने.
कुपवाडला एकाच मुहूर्तावर दोन लग्नं,
इथे अक्षता, तिथे जेवण,
मधे स्कूटरवर शेठचा मेसेज:
स्टॉक किती? जेवताना सांगितलं तरी चालेल.

वाचायला म्हणून घेतलेला टॅब
अकराव्या पानावर झोपलाय दिवाळीपासून.

शनिवारी घाटावर भडंग,
असं ठरायला पंधरा दिवस लागले,
दोनदा मोडलं,
एकदा निव्वळ अंगठ्यांवर पार पडलं.
शेवटी जमलो. पाच जणी, पाच फोन,
सगळ्यांची बॅटरी लाल.
पॉवर बँक एकटी शमशादची, तिची वायर वीतभर.
म्हणून आम्ही खेटून बसलो,
पाळीपाळीने वायर फिरवत,
भडंगातला लसूण शोधत.
नदी खाली गेलेली, पुलावरचे दिवे पाण्यात मोडत होते.
दया म्हणाली, फोटो काढू या.
वायर निघेल, म्हणाली शमशाद.
राहिला.

मग महिनाअखेर.
बाळाप्पा ऑफिसच्या दारात,
हातात वर्तमानपत्राची पुडी.
ताई, चाळताना घावलं बगा.
कानाला लावून बघितलं,
काय बोलंना.

पिवळा धम्मक.
फुंकर मारली, रुमालाने पुसला,
डबीत ठेवला.
दिवा लागला!
बाळाप्पाने मान हलवली, जसा काही
त्यानेच नाडी बघितली होती.
चहा घ्या म्हटलं, तर गाडी भरायची होती.

त्या दिवशी प्रणोतीची हळद, विश्रामबागेत.
चारला पोचायचं कबूल केलेलं,
पण बँकेला स्टॉकचा कागद हवा होता,
पोचले साडेसातला.
मुसळ उचलून ठेवलेलं, पाट धुतलेले,
प्रणोती ओल्या केसांनी पंख्याखाली,
हातात फोन.

मी सबबी जुळवत होते,
तेवढ्यात चिमाकाकूने हनुवटी धरून
माझं तोंड उजेडाकडे वळवलं.
अगं, आली नाहीस म्हणत होते सगळे,
कान तर पिवळा झालाय तुझा.
कुणी लावली?

बाळाप्पाने, म्हणायचं होतं.
घड्याळ थरथरलं: फार वेळ उभ्या आहात,
असं ते कधीच म्हणत नाही,
शेठचा फोन होता.
काकू वाटी खरवडून
उरलेलं बोटभर
उजव्या कानाला लावत होती.