धनाडाळ

जाताना तू फ्रिजवर कागद चिकटवलास:
तुळस, गवती चहा – रोज.
पुदिना – रोज, पण पाय ओले होतील इतकंच.
मिरचीला पंधरवड्यानं ताक,
कढीपत्त्याला उरलेलं आंबट काहीही.
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात,
कोथिंबीर पेरून बघा, जमलं तर.

ते 'जमलं तर' मला लागलं.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं
मी डब्यांचे ब्रेक तपासले,
जमलं तर, असं कुणी म्हणालं नव्हतं.

तुझ्या बरण्यांमागून धने हुडकले.
चपटे, पिवळसर, साल निघालेले.
म्हटलं, बरंच झालं, निवडून ठेवलेत.
पेरले. वर मूठभर माती पसरली.
अकरा दिवस पाणी.
सकाळी चष्मा लावून बघायचो,
दुपारी चष्मा काढून.
नवव्या दिवशी मुंग्या आल्या,
मला वाटलं, शुभ लक्षण.

दक्षाबेन गवती चहा न्यायला आल्या
(त्या त्याला लीली चा म्हणतात
आणि विचारून तोडत नाहीत,
तुला माहीतच आहे).
बोटानं माती उकरली, दाणा काढला,
पदराला पुसला आणि चावला.
चावला!
मग कठडा धरून हसत राहिल्या,
"अरे भाई, आ तो मुखवास छे! शेकेलो!"

रात्री साडेनऊ.
तुझ्या तिथे सकाळचे अकरा.
आधी बाळ दाखवतेस,
मग म्हणतेस, फोन गॅलरीत न्या.
खाली. अजून खाली. पानाची मागची बाजू.
मिरचीवरचा मावा पहिल्या मिनिटाला,
माझा गुडघा पाचव्या.
"आणि कोथिंबीर?"
"आलीय," मी म्हटलं.
"अंधार आहे. उद्या दाखवतो."

खंडेराव मार्केट, सकाळी सात.
दहा रुपयांची जुडी, मुळांसकट,
भाजीवाल्याला तीनदा बजावून, मुळांसकट.
कुंडीत खोचली, माती दाबली,
पाणी शिंपडलं, फोटो काढला.
ब्रेकच्या तपासणीत असली लबाडी
एकदाही केली नव्हती मी.

फोटो बघून तू गप्प.
मला वाटलं नेट अडकलं.
मग म्हणालीस,
"छान आलीय.
रबरबँड तेवढं सोडा. गुदमरेल."

मग सगळंच सांगितलं:
बरणी, मुंग्या, दक्षाबेनचे दात.
तुला मोठ्यानं हसता येईना,
बाळ खांद्यावर झोपलेलं.
नुसता खांदा हलत होता
आणि त्यावर ते चिमुकलं डोकं.

मग तू पहिल्यांदाच फोन उलटा फिरवलास.
खिडकी.
बाहेर मोटारीच्या दारापर्यंत बर्फ,
आत दह्याचा रिकामा डबा,
त्यात तीन काड्या, लांब, फिक्या,
काचेला टेकलेल्या.
"वीस पेरले होते," म्हणालीस.
"उजेडाकडे नुसती धाव. उभं राहणं नाही.
ऋता म्हणते, आई, दुकानात मिळते की."
थोडं थांबून,
"मिळते."
त्यापुढे काही बोलली नाहीस,
मीही विचारलं नाही.
अजून दोन महिने आहेत तिकिटाला.

फोन ठेवता ठेवता सांगितलंस:
अख्खे धने आणा, किराण्याच्या दुकानातून.
कागदावर पसरून चपलेखाली रगडा.
जोर नको. दोन फाका होतील इतपत.
रात्रभर पाण्यात.

आता पावणेअकरा.
गॅलरीचा दिवा लावलाय,
वर्तमानपत्र अंथरलंय.
माझी चप्पल घालून बघितली,
पहिल्याच घोळात पीठ झालं.
तुझी दाराशी होती, डावीचा अंगठा शिवलेला.
पायात येत नाही,
म्हणून हातात घालून बसलोय,
आणि हलकेच, फार हलकेच,
पुढे मागे.