चालू

नव्या पेठेतून पाच दिवे आणले,
मुगाच्या दाण्याएवढे, पाच रंगांचे, कागदाच्या पुडीत,
आणि दोन बटन सेल, घड्याळात घालतात ते.
दुकानदार म्हणाला, लांब पाय अधिकचा, आखूड उणेचा,
उलटा लावलास तर रुसून बसेल.

आईसाठी गजरा करायचा होता.
बतुकम्माच्या रात्री सगळ्या गल्लीची फुलं
तीच रचते, थरावर थर,
आणि तिच्या केसांत तंबाखूची धूळ.

आधी बाजारातली जर घेतली.
अशी चकाकते की वाटावं, वीज आधीच वाहतेय हिच्यातून.
सेल लावला. काही नाही.
नखाने खरवडलं तर खाली प्लास्टिक.

अप्पा खाटेवरून बघत होते.
बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली,
आता त्यांना हाक मारायची तर खांद्यावर हात ठेवावा लागतो.
उठले, ट्रंक उघडली.
तळाशी एक कांडी, काळी पडलेली, तांब्याची जर.
कारखाना विकला तेव्हा मालकाला हिशेबात
अकराशे रुपये कमी पडले होते,
त्यांच्या बदल्यात ही.
"खरी आहे," म्हणाले, एवढंच.
चिंचेच्या कोळात चोळली.
बोटं आंबट झाली, जर लाल.

पहिल्यांदा पेटला तो एकटा लाल दिवा.
बाकीचे चार त्याच्याकडे बघत राहिले.
लालला थोडक्यात भागतं म्हणे,
म्हणून सगळं आधी तोच पिऊन टाकतो,
आमच्या गल्लीतल्या पहिल्या नळासारखा.
पुन्हा नवी पेठ.
पाचही पिवळे आणले, झेंडूचे.

आईने दिव्यांचे पाय कात्रीच्या टोकाने वळून दिले,
विडीचं तोंड मुडपते तसे, न बघता.
मी काळ्या फितीवर जरीच्या दोन ओळी शिवल्या,
एक अधिकची, एक उणेची,
शेवटची गाठ मारली
आणि सगळं विझलं.

अप्पांनी फीत घेतली, डोळे मिटले,
ठाणातला दोष शोधावा तशी अंगठ्याने चाचपत गेले.
"इथं."
केसाएवढा एक तंतू
पलीकडच्या ओळीला जाऊन चिकटला होता.
"आमचा धंदा आडव्याला उभ्यात गुंतवायचा," ते म्हणाले,
"तुझा, दोघांची गाठ पडू न द्यायचा."
स्वतःच हसले, मोठ्याने, बहिऱ्या माणसाचं हसू,
आणि तंतू दाताने तोडला.

रात्री घरकुलाच्या मैदानात बायकांचा फेर,
टाळ्या, तेलुगू गाणी, मधे फुलांचा ढीग,
आणि आईचा अंबाडा
येत होता, जात होता, येत होता,
पाच पिवळे ठिपके, ओळ जरा वाकडी.
चौथा मधूनच डोळा मिचकावत होता.
नरसूबाई ओरडल्या, "यादगिरीची बायको पेटली गं!"
आई लाजली का चिडली, दिसलं नाही,
तोवर फेरात ती पलीकडे गेली होती.

घरी आलो तर वीज गेलेली.
सकाळी कारखान्यात द्यायच्या विड्यांत
अजून दोनशे कमी.
आई भिंतीला टेकून बसली, सूप मांडीवर.
उजेड सगळा पाठीमागे, भिंतीच्या पोपड्यांवर.
मग तिने केसांतून गजरा सोडवला,
एक केस त्याच्यासोबत आला,
आणि सुपाच्या काठाला बांधला.

मी म्हटलं, थांब, शेजारून मेणबत्ती आणते.
"चालु," ती म्हणाली.

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मराठीत चालू म्हणजे चालू.
ती कुठल्या भाषेत बोलली, मी विचारलं नाही.
सेल किती तास पुरेल ते मी मनात मोजत बसले,
ती विड्या.