आधी फ्रीजर, मग सुनावणी

शेरीफच्या माणसानं कागद दाखवला,
वाचू दिला नाही.
व्हर्लीन टिब्ज म्हणाली, थांबा, पावत्या आहेत,
बिस्किटांच्या डब्यात.
डबा उघडेतो फ्रीजर जिन्याच्या वळणावर.

आतले मासे तिनं शेजारी वाटले.
उरले ते टोलेडोच्या जुलैनं नासवले.

अकराव्या दिवशी पत्र:
आपले म्हणणे मांडण्यास हजर राहावे.

म्हणणं?
लिनोलियमवर एक चौकोन उरलाय,
दोन वर्षं कुणाचा पाय न लागलेला.
रात्री मोटर घरघरत नाही
म्हणून झोप येत नाही.
त्या चौकोनात खुर्ची टाकून ती बसते,
पावत्या मांडीवर, चष्मा कपाळावर,
भिंतीला विचारते:
साहेब, माझा विसावा हप्ता
वरच्या मजल्यावरच्या टिब्जच्या नावावर
कुणी लिहिला?

दोन मिनिटांचं तर काम होतं.