पाव इंच

गुरुवारी दुपारी वाचनालय रिकामं असतं,
तेव्हा आर्डिथ हावलिचेक खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी बसते.
बाहेर नेब्रास्काचा फेब्रुवारी, धान्याच्या कोठाराला टेकून उभा.
पर्समध्ये घडी घातलेला आलेखाचा कागद,
पेन्सिलीनं भरलेले चौकोन,
रंग मात्र रेघेबाहेर सांडलेला.

"सोपं हवं. बाकी काही नको."
तीस दिवस फुकट, असं तिन्ही प्रोग्रॅम म्हणतात.

पहिल्यात सहा हजार नमुने.
ती एकच शोधते, आईचा 'अस्वलाचा पंजा'.
सापडतो. मग रंगांचं चाक उघडतं,
चाकातून आणखी एक चाक,
आणि तिच्या चिंध्यांच्या डब्यात तळाशी असतो
तो निळा तेवढा नेमका नाही.
चष्मा काढते, पुसते, घालते.
"दुकान मोठं आहे. गिऱ्हाईक हरवतं."

दुसरा गोडबोल्या. पावलोपावली शाबासकी.
एका क्लिकवर पलंगभर क्विल्ट,
वर दोन उशाही, पडद्यापुरत्या.
आर्डिथ कापणीची यादी मागते.
तीन इंचांच्या चौकोनाला, यादी म्हणते, तीन इंच कापा.
ती हसते, दुपारभरात पहिल्यांदा.
"आणि शिवण? ती काय आभाळातून येणार?"
चारी बाजूंनी पाव इंच सोडायचा, मला सांगते,
तो आत दुमडला जातो, कुणाला दिसत नाही,
धुण्यात टिकतं ते त्याच्याच जिवावर.
मी आयुष्यात बटण लावलेलं नाही.
तरी लिहून ठेवलं, परत आलेल्या एका पुस्तकाच्या पावतीमागे.

तिसऱ्याला रूप नाही.
करडी खिडकी, आठ बटणं,
मदतीच्या पानावर शुद्धलेखनाच्या चुका.
पण साडेतीन इंच बरोबर येतात.
ती मान डोलावते. थांबते.
माझ्याकडे न बघता विचारते,
"हा बाण मोठा होतो का?"

होतो. बोटाएवढा होतो.
रेषा सुतळीएवढ्या,
चौकोन एवढे की पडद्यावर चारच मावतात.
आता ती पुढे वाकत नाही,
खुर्चीला पाठ टेकते,
आणि मला उमगतं
कागदावर रेघेबाहेर गेलेल्या पेन्सिलीचं.

"चर्चमधल्या बायकांना सांगू नकोस."
"काय?"
"हेच, की मी कॉम्प्युटरवर करते."
एवढंच, ती म्हणते.
एवढंच, मी म्हणतो.

चेक ते घेत नाहीत, म्हणून कार्ड माझं.
ती रोख मोजते, एकोणतीस डॉलर,
शेवटचे तीन सुट्ट्या नाण्यांत,
बारा पाव-डॉलर, एकेक करून,
अंगठ्यानं कड चाचपत.

साडेपाचला बंद करायचं असतं.
मी आधी लांबचे दिवे मालवतो.