इतरत्र न मोडणारे

तिबिलिसीत फेब्रुवारी. आमच्या खात्याच्या चौथ्या मजल्यावर
हीटर एकच, आणि तो माक्वालाबाईंच्या पायाशी.
माझ्यासमोर दोन रकाने:
डावीकडे जुनी वर्गवारी, उजवीकडे नवी.
मधले बाण काढायचं काम माझं.

काही बाण सरळ जातात. पाव तो पावच,
मातीच्या तोनेतला असो की यंत्रातला.
काही फुटतात: 'दूरध्वनी' या एका ओळीला
आता सहा पिल्लं.
टाइपरायटर-दुरुस्ती, छत्री-दुरुस्ती,
नाणं टाकल्यावरच हलणाऱ्या लिफ्टची देखभाल
एकाच घरी नांदायला पाठवली.
सासरचं नाव 'इतर'.

एका ओळीचा बाण मात्र कुठेच लागेना.
रेशीमकिडे पाळणे, कोष उकलणे.
देशभरात नोंद: एक.
एकच असला की आकडा छापायचा नाही, नियम आहे;
एकट्या माणसाला आकडा उघडा पाडतो.
तिथे आम्ही फुली छापतो.
गेली नऊ वर्षं वार्लाम म्हणजे एक फुली.

फोन लावला. इमेरेती, खोनीच्या अलीकडचं गाव.
"काका, तुमचा मुख्य व्यवसाय?"
"कुठल्या महिन्यातला?"
मे महिन्यात अळ्या. पुढे द्राक्षं, ती काय सगळेच करतात.
आणि शेडमध्ये भाच्याची यंत्रं, रात्रंदिवस घोंघावतात,
म्हणे पैसे खणतात.
"मला तर कुठे माती दिसली नाही."
जास्त कशात सुटतं, विचारलं.
ज्यात जास्त, माणूस त्या खान्यातला, असंच आहे आमचं.
तो हसला. "यंत्रांत. भाडं देतो पोरगा."

चला, सुटलं. माहिती-प्रक्रिया,
नवा विभाग, ठळक अक्षरांत.
पेन्सिल टेकवली, तेवढ्यात तो म्हणाला,
"माझी आई अंडी फडक्यात बांधून
पोलक्याच्या आत ठेवायची, एप्रिलमध्ये, दहा-बारा दिवस.
झोपेतसुद्धा कुशीवर वळायची नाही.
मी ट्रे यंत्रांच्या पाठीमागे ठेवतो. ऊब तेवढीच येते.
ही ऊब कुठल्या रकान्यात लिहिशील गं?"

माक्वालाबाईंना विचारलं.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"ऊब तो विकतो का? नाही ना?
मग ते उत्पादन नाही."
आणि बऱ्याच वेळानं,
हीटर पायानं माझ्याकडे ढकलत:
"स्पष्टीकरणात एक ओळ मावेल. बघ."

'यात समाविष्ट' च्या खाली, सगळ्यात शेवटी,
एका अर्धविरामानंतर मी लिहिलं:
कोष उकळून हातानं धागा सोडवणे.

समितीत ती ओळ कुणी वाचली नाही,
म्हणून मंजूर झाली.
तोवर मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते,
जपून,
कुशीवर न वळता.